कापसाची ओल मोजता, रोहित्राची कोण मोजणार?

(खर्डी, ता. शहापूर येथील कार्यकर्ता बैठकीतील भाषण)



काल कसारा घाट उतरून खाली आलो, तर खर्डीच्या अलीकडे आमची गाडी अर्धा तास अडकून पडली. पुढे एक प्रचंड ट्रेलर. चाके मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिली. त्यावर राखाडी रंगाची, घराएवढी लोखंडी पेटी. वीज केंद्राचे मोठे रोहित्र. आपण ज्याला डीपी म्हणतो त्याचा आजोबा म्हणा. वाहतूक सुटेपर्यंत खाली उतरून पाहिले. पेटीच्या अंगाला पोलादी नळकांडे बांधलेले, त्यातून एक बारीक नळी आत गेलेली, आणि शेजारी काचेमागे काट्याचे घड्याळ. बरोबरचा माणूस उतरला, त्याने काटा पाहिला आणि वहीत आकडा लिहिला. विचारले, "काय लिहिता?" म्हणाला, "आतल्या हवेचा दाब. चुकून हवा गेली आणि बाहेरची दमट हवा आत शिरली, तर माल गेला."

आम्हाला आठवली आमच्या गावची डीपी. जळाली तेव्हा आम्ही स्वतः वर्गणी काढून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून नेली, आणि दुसरी आणली तीही तशीच. खाली पऱ्हाटीचा भारा, वर ताडपत्रीसुद्धा नाही, वाटेत पाऊस. काच नाही, काटा नाही, वही तर नाहीच नाही.

आज बोलायचे आहे ते एवढ्यावरच. रोहित्र ठेवायचे कसे आणि त्याला ओल लागू द्यायची नाही म्हणजे काय. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्यांना हा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येईल. ज्याच्या विहिरीत बोंडे भरताना एक पाणी द्यायपुरते पाणी आहे आणि नेमके त्याच आठवड्यात रोहित्र जळले आहे, त्याला विचारा. ज्याच्याकडे विहीरही नाही त्याच्या घरी पिण्याचे पाणी, पिठाची गिरणी आणि पोरांचा अभ्यास त्याच डीपीवर आहे.

ओल म्हणजे काय हे तुम्हाला शिकवायला आम्ही आलेलो नाही. ते तुमच्याकडूनच आम्ही शिकलो. कृषी महाविद्यालयात पदवी घेतली, आर्द्रतेची व्याख्या पाठ केली. पण ज्वारी दाताखाली धरून 'अजून दोन उन्हं लागतील' हे सांगणारी म्हातारी आम्हाला गावातच भेटली. पेवात ज्वारी घालताना तळाला आणि कडेला कडबा का लावायचा, तोंड लिंपून का घ्यायचे, हे ज्याला कळते त्याला रोहित्र कळायला एक तास पुरे.

रोहित्राच्या पोटात तीन गोष्टी असतात. लोखंडी पत्र्यांचा गाभा, त्याच्याभोवती तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेची वेटोळी, आणि त्या तारेभोवती गुंडाळलेला कागद व पुठ्ठा. हे सगळे तेलात बुडालेले. वीज एका वेटोळ्यातून दुसऱ्या वेटोळ्यावर उडी मारू नये म्हणून जो पहारा आहे तो कागदाचा आणि तेलाचा. हा कागद लाकडाच्या लगद्याचा. पण लाकूड घ्या की आपला कापूस, मूळ पदार्थ एकच, सेल्युलोज. कापसात तर तो नव्वद टक्क्यांच्या वर. जुन्या रोहित्रांत तारेवर चक्क सुती फीत गुंडाळलेली असे. म्हणजे ज्या पेटीपुढे आपण हात जोडून उभे राहतो, तिच्या पोटात आपल्याच कापसाचा भाऊबंद बसलेला आहे.

आणि या पदार्थाचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. हवेतले पाणी तो ओढून घेतो. सीसीआयच्या केंद्रावर कापूस नेला की पहिल्यांदा ढिगात यंत्राचा दांडा खुपसतात. आठ टक्के ओल असेल तर पूर्ण भाव, आठच्या वर बारापर्यंत कपात, बाराच्या वर गाडी परत. या कपातीवरून आपण किती भांडलो आहोत! आता रोहित्राचा हिशेब ऐका. कारखान्यातून निघताना त्याच्या कागदातली ओल अर्ध्या टक्क्याच्या आत असावी लागते. आठ नव्हे, अर्धा. तेवढी कोरडी करायला सबंध गाभा बंद टाकीत ठेवतात, केरोसीनसारख्या द्रावणाच्या वाफेने तापवतात आणि निर्वात करून पाणी ओढून काढतात. असा भुकेलेला कागद उघड्या हवेत ठेवला तर तो काय करेल? समजा एका मोठ्या रोहित्रात दहा टन कागद-पुठ्ठा आहे. अर्धा टक्का म्हणजे पन्नास किलो पाणी. तीन टक्के झाले म्हणजे तीनशे किलो. दीड पिंप पाणी पोटात घेऊन त्याला लाखो व्होल्ट पेलायचे आहेत. शिवाय ओल दुप्पट झाली की कागदाचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे.

म्हणून मोठे रोहित्र नेताना तेल काढून घेतात, वजन हलके करतात, आणि मोकळ्या जागेत कोरडी हवा किंवा नत्रवायू भरतात. ज्या नत्रासाठी आपण युरियाच्या गोणीमागे रांगा लावतो, तोच नत्र तिथे पहारेकरी म्हणून बसवलेला असतो. हा वायू इतका कोरडा हवा की उणे चाळीस अंशापर्यंत थंड केला तरी त्यातून दव पडू नये. दव कसे पडते हे रब्बीच्या ज्वारीवाल्याला सांगायला नको. निम्मे पीक दवावरच पोसतो आपण. आणि आत दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त ठेवायचा. कुठे फट राहिलीच तर आतली हवा बाहेर जाईल, बाहेरची आत येणार नाही. नळकांडे कशासाठी, तर गळती भरून काढण्यासाठी. काटा कशासाठी, तर गळती कळण्यासाठी.

वायूवर किती दिवस ठेवायचे? साधारण तीन महिने. उत्पादक सांगेल त्याप्रमाणे थोडे कमीजास्त. त्यापुढे ठेवायचे तर तेल भरावे, वर तेलाची छोटी टाकी लावावी आणि ब्रीदर बसवावा. आपल्याकडे घोडे इथेच पेंड खाते. रोहित्र येऊन पडते, पण त्याचा चौथरा झालेला नसतो, किंवा चौथरा असतो आणि लाइन नसते, किंवा दोन्ही असतात आणि उद्घाटनाला तारीख मिळत नाही. तीन महिन्यांचे दोन पावसाळे होतात.

एका ठिकाणी, नाव घेत नाही, आम्ही असे ठेवलेले रोहित्र पाहिले. नोंदवही मागितली. साहेब भले होते, दाखवली. रोजची नोंद होती, एक दिवस खाडा नाही. दाब ०.२०. सकाळी ०.२०, दुपारी ०.२०. डिसेंबरात ०.२०, मे महिन्यात ०.२०. बरोबरचा कार्यकर्ता खूश झाला, म्हणाला, "बघा, किती नीट ठेवलंय." आम्ही म्हणालो, अरे, ट्रॅक्टरचे चाक उन्हात उभे केले तर हवा चढते ना? बंद पेटीतला वायू तापला की त्याचा दाब वाढलाच पाहिजे. पहाटे पंधरा अंशाला ०.२० असेल तर दुपारी आतला वायू पंचेचाळीसवर गेल्यावर काटा ०.३२-०.३३ दाखवेल. बाराही महिने एकच आकडा याचा अर्थ काटा अडकला आहे, नाहीतर माणूस काट्याकडे न जाताच वही भरतो आहे. जाऊन पाहिले तर काट्याच्या काचेवर मातीचे घर होते, कुंभारणीचे. आतून काही दिसतच नव्हते.

पुढे काय झाले, विचारू नका. त्या दिवशी आम्ही तक्रार लिहिली, तिला पोच मिळाली, एवढेच.

त्याच आवारात तेलाची पिंपे होती, उभी. पावसाळ्याचे दिवस. पिंपाच्या झाकणावर पाणी साचलेले, आणि बूच त्या पाण्यात बुडालेले. आपल्यापैकी ज्यांनी डिझेलची पिंपे ठेवली आहेत त्यांना कळेल. दिवसा तेल फुगते, रात्री आकसते. आकसताना पिंप श्वास आत घेते, आणि बुचावर पाणी असेल तर पाणीच ओढते. पिंप आडवे ठेवावे, दोन्ही बुचे आडव्या रेषेत, आतून तेलाखाली राहतील अशी. एवढ्याला पैसा लागत नाही. हमालाला एकदा सांगावे लागते.

आता आपली डीपी. अकरा हजार व्होल्टवरून आपल्या मोटरीपुरता दाब उतरवणारी, त्रेसष्ट केव्हीएची किंवा शंभरची. तिच्यात तेल कायम भरलेले असते, म्हणून वायूचा प्रश्न नाही. पण ती श्वास घेते. तापली की तेल फुगते, हवा बाहेर. गार झाली की हवा आत. आत येणारी हवा ज्या डबीतून येते तो ब्रीदर. त्यात सिलिका जेलचे खडे. कोरडे असतात तेव्हा निळे, ओल पिऊन झाली की गुलाबी. हल्ली नारिंगी खडेही येतात, ते ओले झाले की रंग सोडतात. निळ्या खड्यातले कोबाल्ट माणसाला बरे नाही म्हणून हा बदल. खडे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करता येतात, नाहीतर नवे टाकायचे. किती डीपींवर ही डबी शाबूत आहे? आमच्या भागात फिरताना आम्ही पाहत गेलो. कुठे डबी फुटलेली, कुठे रिकामी, कुठे भोकावर कापडाचा बोळा. बिनब्रीदरची पूर्ण सीलबंद रोहित्रेही असतात, ती वेगळी. पण ज्याला डबी आहे त्याची डबी रिकामी असेल तर ती डीपी पावसाळाभर ढगातून पाणी पिते.

आणि इथे आम्ही एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती कोरडवाहू मुलखाचीच आहे. बागायतीत मोटर बारमाही चालते, रोहित्र गरम राहते. आपल्याकडे मार्चमध्ये विहीर आटली की मोटर बंद, ते थेट ऑक्टोबरपर्यंत. सहा-सात महिने ती डीपी भाराविना खांबावर बसून असते. म्हणजे ती गोदामातच ठेवल्यासारखी आहे, फक्त गोदामाला छप्पर नाही. सबंध पावसाळा गार अंगाने दमट हवा ओढते. तेलात फार पाणी मावत नाही. ते कागदात जाऊन बसते. मग ऑक्टोबरात कापसाला ताण पडतो, एकाच दिवशी बारा मोटरी सुरू होतात. ओला कागद एकदम तापतो, पाणी वाफेच्या बुडबुड्यांनी तेलात येते, बुडबुड्यातून ठिणगी जाते आणि आपण म्हणतो, 'गेली डीपी'. ती ऑक्टोबरात जळली खरी, पण तिचे मरण जुलैपासून चालू होते.

कोणी म्हणेल, तेल गाळून घेतले की झाले. नाही. पाणी जवळजवळ सगळे कागदात असते, तेलात अगदी थोडे. तेल गाळले की चाचणी उत्तम येते, कागदावर सही होते, आणि महिन्याभरात कागदातले पाणी पुन्हा तेलात उतरते. ओल्या ज्वारीच्या पोत्यावरचे चार दाणे उन्हात वाळवून 'माल कोरडा आहे' म्हणण्यासारखे हे आहे. व्यापारी असे करू देईल का आपल्याला?

आता थोडे आपल्याही पदरात घालून घेऊ. प्रत्येक डीपी ओलीने जळत नाही. पुष्कळशा भाराने जळतात, आणि त्या भारात आपला हात आहे. कपॅसिटर काढून ठेवलेले, पाचच्या नावावर साडेसातची मोटर, आणि ऑटो स्विच. रात्री दोनला लाइन आली की सगळ्या मोटरी एका क्षणात उठतात. पाण्याची भीती आम्हाला कळते, रात्री साप-विंचवात जाऊन कळ दाबायची कोणाला हौस नाही. पण ओल्या कागदावर बारा मोटरींचा धक्का आपणच देतो, हेही खरे.

इथे खर्डीत हे बोलायला आम्हाला विशेष वाटते, त्याला कारण आहे. या महामार्गाने मुंबईकडे निघालो की शहापूर ओलांडून पुढे पडघे लागते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राकडून निघालेली पाचशे किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची लाइन तिथे येऊन संपते. सुमारे साडेसातशे किलोमीटर लांब, पंधराशे मेगावॅटची, १९९९ मध्ये सुरू झालेली. कोळसा चंद्रपूरचा, राख चंद्रपूरची, धूर चंद्रपूरचा, आणि वीज सरळ पडघ्याला. या लाइनीची गंमत अशी की वाटेत कुठे तिला डीपी लावून वीज काढता येत नाही. दोन टोकांना मोठी परिवर्तन केंद्रे, मध्ये नुसत्या तारा. ज्याच्या शेतात मनोरा आहे त्यालासुद्धा त्यातला एक दिवा मिळत नाही. खर्डीकरांना हे नवे नाही. तानसा, वैतरणा, भातसा, धरणे यांच्या तालुक्यात आणि आसपास, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर. तुमचे पाणी आणि आमची वीज एकाच रस्त्याने जाते, म्हणून आपली सोयरीक.

मुंबईला वीज जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. तिथे कारखाने चालतात, आपला कापूस तिथेच विकला गेला. आमचे म्हणणे वेगळे आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे भागातल्या वाहिन्यांत बिघाड होऊन मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. चौकशीचे आदेश निघाले, आणि बहुतेक भागांत त्याच दिवशी वीज परत आली. तसेच व्हायला हवे. त्याच महिन्यात आमच्याकडे बोंडे भरत असतात, आणि जळालेल्या डीपीला पंधरा दिवस लागले तर त्याची बातमीसुद्धा होत नाही. विजेबरोबर काळजीही तारेतून मुंबईला निघून जाते की काय, असे वाटते.

कायदा काय म्हणतो? वीज कायदा २००३ चे कलम ५७ सांगते की सेवेची मानके ठरवायची आणि ती मोडली तर ग्राहकाला भरपाई द्यायची. त्याखाली राज्याच्या वीज नियामक आयोगाने २०१४ मध्ये केलेल्या विनियमांत ग्रामीण भागात रोहित्र बिघडले तर ४८ तासांत पुरवठा सुरू करायचा होता. उशीर झाला तर दर तासाला पन्नास रुपये. २०२१ मध्ये नवे विनियम आले. अर्ज करण्यापूर्वी त्यांची प्रत काढून घ्या, म्हणजे टेबलामागचा माणूस 'ते जुने झाले' म्हणणार नाही. बिघाडाची तक्रार मात्र लेखी किंवा क्रमांकासह हवी. फोनवर वायरमनला सांगितले, ही तक्रार नव्हे. आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाल्यावर एक नवे बोलणे ऐकू येते, 'बिल भरत नाही, मग आवाज कशाला?' बिल सरकार भरते; वीज कंपनीला पैसे पोचतात. बिल शून्य झाले म्हणून ग्राहक शून्य होत नाही.

माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला. त्यात नुसत्या नकला मागता येतात असे पुष्कळांना वाटते. त्या कायद्याच्या कलम २ मध्ये कामाची, दस्तऐवजाची पाहणी करणे आणि मालाचे प्रमाणित नमुने घेणे, हेही अधिकार आहेत. म्हणजे भांडारातली नोंदवही पाहता येते, आणि तेलाचा नमुना मागता येतो. तालुक्याच्या भांडारात दुरुस्त होऊन आलेली रोहित्रे कशी ठेवली आहेत, चौथऱ्यावर की चिखलात, बुशिंग झाकलेली आहेत की उघडी, ब्रीदर भरलेला आहे की नाही, हे बघायला इंजिनिअर व्हावे लागत नाही.

दुरुस्त डीपी गावात आली की उतरवून घेण्यापूर्वी तीन गोष्टी मागा. ब्रीदरचा रंग बघा. मेगरचा आकडा विचारा, म्हणजे वेटोळ्यांचा एकमेकांपासून आणि टाकीपासून दुरावा किती आहे ते कळते. आणि तेलाच्या चाचणीचा कागद मागा. अडीच मिलिमीटर अंतरावर दोन टोके तेलात धरून दाब वाढवत नेतात आणि ठिणगी कधी पडते ते पाहतात. तीस किलोव्होल्टच्या आत पडली तर ते तेल आपल्या डीपीतसुद्धा चालायचे नाही. चांगले गाळलेले तेल पन्नास-साठच्या वर जाते. कागद नसेल तर उतरवून घेताना पावतीवर तसे लिहा. भांडू नका, लिहा. वायरमनशी तर मुळीच भांडू नका, त्याच्या हातात पक्कड सोडून काही नसते, आणि खांबावर चढतो तो तोच.

पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, प्रत्येक गावच्या शाखेने आपापल्या डीपींची एक फेरी करावी. खाली उभे राहून, हात न लावता. फक्त डबीचा रंग आणि तेलाच्या काचेतली पातळी वहीत लिहायची. सप्टेंबरात तीच फेरी पुन्हा. दोन्ही याद्या उपविभागाच्या कार्यालयात पोच घेऊन द्यायच्या. ऑक्टोबरात एखादी जळाली तर आपल्या हातात चार महिन्यांपूर्वीचा कागद असेल.

मागच्या टेबलावर दोन डब्या ठेवल्या आहेत. एकीतले खडे निळे आहेत, दुसरीतले काल आम्ही इथल्या हवेत रात्रभर उघडे ठेवले होते. बरणीचे झाकण लावलेलेच राहू द्या, खडे तोंडाजवळ नेऊ नका. जेवायला बसण्याआधी सगळ्यांनी दोन्ही उजेडात धरून नीट पाहून घ्या.